‘पेशंटचे नातेवाईक कोण?’ : दवाखान्यातल्या बापाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्ट 2024 मध्ये कराडच्या एका खासगी प्रसूतिगृहात आमची मुलगी जन्मली. तेव्हापासून ऑफिसातला, भावकीतला, सोसायटीतला जो कुणी बाप व्हायच्या बेतात असतो, तो मला फोन करतो. सगळ्यांचे प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. मी डॉक्टर नाही. एका रात्रीचा आणि नंतरच्या पाच दिवसांचा अनुभव एवढंच माझं भांडवल, तेव्हा औषधपाण्याच्या बाबतीत आपल्या डॉक्टरांचंच ऐका.

तुम्ही पुण्यात, मग बाळंतपण कराडला कसं?

पहिलं बाळंतपण माहेरी. आमच्याकडे यावर चर्चा होत नाही, फक्त तारीख ठरते. सातव्या महिन्यात ओटी भरली आणि ती गेली. मला यात काही गैर वाटलं नाही. आईच्या हातचं खायला मिळणं ही काही लहान गोष्ट नाही. पण एक अडचण कुणी सांगत नाही. डॉक्टर मध्येच बदलतात. सहा महिने ज्यांनी तपासलं त्यांच्याकडची फाईल, सोनोग्राफीचे रिपोर्ट, रक्तगट, साखरेची तपासणी हे सगळं नव्या दवाखान्यात पोचवणं हे बापाचं पहिलं काम. मी तो रिपोर्टचा गठ्ठा पुण्याच्या कपाटात विसरलो होतो. रक्तगटाच्या कागदावरून पुढे काय धावपळ झाली ते खाली येईलच.

वेळेत पोचलात का?

पोचलो, आणि पोचल्यावर अकरा तास थांबलो.

रात्री पावणेअकराला मेहुण्याचा फोन. ‘दाजी, ताईचं पाणी गेलंय. आम्ही दवाखान्यात निघालोय, तुम्ही या. पण दमानं या.’ पुणे ते कराड एकशे साठ किलोमीटरच्या आसपास. खंबाटकीत पाऊस, पुढे ट्रकची रांग, आणि डोक्यात एकच विचार की बाळ माझ्या आधी पोचणार. दोन वाजता आत शिरलो तर ती कॉटवर बसून बिस्कीट खात होती. पिशवीचं तोंड जेमतेम दोन सेंटिमीटर उघडलं होतं. ते दहापर्यंत जावं लागतं, आणि पहिलटकरणीला पहिले चार-पाच सेंटिमीटरच फार वेळ खातात, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर घाटात मी तीन ट्रकना ओव्हरटेक केलं नसतं.

घरून कधी निघायचं, याचा अंदाज डॉक्टर साधारण असा देतात : दर पाच मिनिटांनी कळ, प्रत्येक कळ मिनिटभराची, आणि असं तासभर चाललं की निघा. पाणी गेलं, अंगावरून रक्त गेलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर मात्र कळांची वाट बघायची नाही, सरळ निघायचं. पाणी गेलं असेल तर त्याचा रंग बघून ठेवा. स्वच्छ की हिरवट, हा दवाखान्यात पहिल्या दहा मिनिटांत विचारला जाणारा प्रश्न आहे. आमच्याकडे तो मामींनी (सासूबाईंना मी मामी म्हणतो) न विचारता सांगितला. त्यांच्या पिढीला हे सगळं माहीत असतं, फक्त आपण कधी विचारत नाही.

नवऱ्याला लेबर रूममध्ये घेतात का?

दवाखान्यागणिक उत्तर वेगळं. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये बाईला तिच्या पसंतीचा सोबती मिळावा असं म्हटलं आहे. आपल्या केंद्र सरकारनेही 2016 मध्ये सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीला परवानगी दिली. मात्र तिथे सोबती म्हणजे आधी स्वतः बाळंतपणातून गेलेली नात्यातली बाई. जिथे खोलीत आडोसा आणि खासगीपणा आहे तिथे नवराही चालतो. एका हॉलमध्ये चार टेबलं असतील तर तुम्हाला आत घेणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. शेजारच्या तीन बायकांनी तुमचं काय घोडं मारलंय?

खासगीत मात्र विचारायची लाज बाळगू नका, आणि कळा सुरू झाल्यावर विचारू नका. सातव्या-आठव्या महिन्यातल्या तपासणीलाच विचारा. मी विचारलं नव्हतं. रात्री सिस्टर म्हणाल्या, ‘जेन्ट्स बाहेर थांबा.’ पहाटे डॉक्टर आल्यावर बायकोनेच त्यांना सांगितलं, ‘त्यांना आत येऊ दे.’ तिने सांगितलं म्हणून मी आत गेलो. माझ्या विनंतीला तिथे काही वजन नव्हतं.

आत गेल्यावर नेमकं करायचं काय?

फार काही नाही, आणि तेच अवघड असतं.

ती डाव्या कुशीवर असताना कंबरेच्या खालच्या भागावर तळव्याने जोरात दाबून धरलं की तिला बरं वाटायचं. हे सिस्टरनी एकदा दाखवलं, मग मी दर कळेला तेच करत राहिलो. मधल्या वेळात पाण्याचा घोट. तिच्या डोक्याच्या बाजूला उभं राहायचं. सूचना द्यायच्या नाहीत. मी उत्साहाने एकदा ‘जोर लाव’ म्हणालो तर डॉक्टर आणि ती, दोघी एकदमच माझ्यावर ओरडल्या. तोंड पूर्ण उघडायच्या आधी जोर लावायचा नसतो.

आणि त्या यंत्राच्या पडद्याकडे बघत बसू नका. पोटाला पट्टा बांधून बाळाचे ठोके मोजतात. साधारण 110 ते 160 च्या मध्ये असावेत. कळ येते तेव्हा आकडा खाली-वर होतो, पुन्हा जागेवर येतो. त्याचा अर्थ लावणं हे शिकलेल्या माणसाचं काम आहे. मी पावणेदोन तास त्या आकड्याकडे क्रिकेटच्या स्कोअरसारखा बघत होतो. शेवटी बायको म्हणाली, ‘तिकडं काय बघतोयस, माझ्याकडं बघ ना.’

सह्या कुणाच्या लागतात? नवरा नसेल तर काम अडतं का?

दवाखान्यात बापाला ओळख मिळते ती सहीमुळे. दार उघडतं, ‘पेशंटचे नातेवाईक कोण?’ अशी हाक येते, पुढे कागद येतो. दाखल करताना सही, सलाईनमधून कळांचं औषध सुरू करताना सही, भुलीसाठी सही, रक्तासाठी सही. मी इंग्रजीतले चार फॉर्म न वाचता सही केले. वाचायला हवे होते.

पण एक गोष्ट स्पष्ट असू द्या. सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या बाईवर उपचार करायला संमती तिची लागते, नवऱ्याची नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2008 मध्ये समीरा कोहली खटल्यात हा मुद्दा ठळक केला. तिथे पेशंट भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन जादा शस्त्रक्रिया केली होती, आणि कोर्टाने ती संमती मानली नाही. तरीही आपल्याकडे नवऱ्याची सही मागतात. बिलासाठी, आणि उद्या नातेवाइकांनी गोंधळ घालू नये म्हणून. करा सही, हरकत नाही. पण आधी कागद तिच्यासमोर वाचा आणि तिला विचारा. मी चौथ्या फॉर्मला हे केलं, तेव्हा ती म्हणाली, ‘पहिले तीन कशाचे होते?’

सिझर ठरलं तेव्हा काय झालं? डॉक्टरांनी पैशासाठी केलं असं वाटलं का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो, आणि बहुतेक वेळा विचारणाऱ्याने उत्तर आधीच ठरवलेलं असतं.

दुपारी साडेबारापर्यंत तोंड सहा सेंटिमीटरला येऊन अडलं. कळेनंतर ठोके ऐंशीच्या घरात उतरायला लागले आणि वर यायला उशीर करायला लागले. पाणी हिरवं झालं होतं, म्हणजे बाळाने पोटातच शी केली होती. डॉक्टर म्हणाल्या, ‘अजून थांबता येईल, पण थांबून फायदा काय होईल ते मला सांगता येत नाही.’ त्यांनी हे बायकोला सांगितलं, मी नुसता ऐकत होतो. ती म्हणाली, ‘करा.’ संपलं.

विनाकारण सिझर होत नाहीत असं मी म्हणणार नाही. पण शंका घ्यायचीच असेल तर ती नवव्या महिन्याच्या सुरुवातीला घ्या. तुमच्याकडे सिझर कधी करता, नॉर्मलसाठी किती वेळ थांबता, रात्री भूलतज्ज्ञ किती वेळात येतात, हे समोर बसून विचारा. ऑपरेशन थिएटरच्या दारात हुज्जत घालायची नाही.

थिएटरच्या बाहेर किती वेळ थांबलात?

बत्तीस मिनिटं. दाराच्या गोल काचेला आतून जुनी एक्स-रे फिल्म चिकटवलेली होती. कुणाच्या तरी गुडघ्याची. मला तो गुडघा अजून आठवतो.

शेजारी सासरे बसले होते. एरवी आमचं बोलणं पाऊसपाणी आणि उसाचा दर यापलीकडे जात नाही. ते म्हणाले, ‘पाव्हणं, ही झाली तेव्हा आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं. सीझन होता. आम्ही कारखान्यावर, काट्यावर.’ मग जरा थांबून म्हणाले, ‘आलो तेव्हा झोपली होती. उठवून दिली न्हाई मला.’ चौतीस वर्षांपूर्वीची ही तक्रार त्यांनी त्याआधी कुणाला सांगितली असेल असं मला वाटत नाही. तेवढ्यात आतून रडण्याचा आवाज आला, आणि आम्ही दोघंही उभे राहिलो.

बाळ पहिल्यांदा बघितल्यावर काय वाटलं?

खरं सांगू? जांभळट हातपाय, अंगावर पांढरा थर, डोकं लांबुळकं. मला वाटलं काहीतरी चुकलंय. काही चुकलेलं नव्हतं. हातापायाची निळसर झाक सुरुवातीला असते, पांढरा थर त्वचेचं रक्षण करणारा असतो, आणि कळांत डोक्याला आलेला आकार काही दिवसांत आपोआप गोल होतो.

सिस्टरनी हिरव्या कापडात गुंडाळून आणलं, कापड उघडलं आणि एका दमात म्हणाल्या, ‘मुलगी आहे, बघून घ्या, टॅग वाचा, सही करा.’ टॅगवर ‘बेबी ऑफ’ आणि पुढे बायकोचं नाव. वजन दोन किलो आठशे पन्नास. जन्मल्यावर पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला बाळाचा रंग, ठोके, श्वास, हालचाल आणि प्रतिसाद बघून दहापैकी गुण देतात. व्हर्जिनिया अपगार या अमेरिकन भूलतज्ज्ञ बाईंनी 1952 मध्ये ही पद्धत बसवली. आमचे सात आणि नऊ. जन्मल्या जन्मल्या मार्कशीट, असं मी मेहुण्याला म्हणालो. तो काही हसला नाही.

टॅग नीट वाचा आणि हातावरचा नंबर आईच्या मनगटावरच्या नंबराशी जुळवा.

आई थिएटरमध्ये असताना बाळाला कोण सांभाळतं?

तुम्ही.

हे मला माहीत नव्हतं. तिचे टाके चालू होते. बालरोगतज्ज्ञांनी बाळ तपासलं, श्वास चांगला होता, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, ‘शर्टची बटणं काढा.’ मला कळेना. मग त्यांनी बाळ माझ्या उघड्या छातीवर पालथं ठेवलं, वरून दुपटं घातलं, डोक्याला टोपडं. कांगारू पद्धत म्हणतात ती हीच. कोलंबियातल्या बोगोटा शहरात 1978 मध्ये कमी वजनाच्या बाळांसाठी सुरू झाली, काचेच्या पेट्या अपुऱ्या पडत होत्या म्हणून. आईच्या अंगाची ऊब बाळाला लागते तशी बापाच्या अंगाचीही लागते.

मामी खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. जावई उघड्या अंगाने बसलाय हे त्यांना बघवेना. पण वीस मिनिटांनी त्याच म्हणाल्या, ‘हलू नका, झोप लागलीय तिला.’ चाळीस मिनिटं मी हललो नाही. तुमच्या बॅगेत दुसरं काही नसलं तरी चालेल, पण पुढून उघडणारा शर्ट घाला. टी-शर्ट घालून जाऊ नका.

रक्तगटाची काय भानगड?

बायको ओ निगेटिव्ह, मी पॉझिटिव्ह. अशा वेळी बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाला तर आईला 72 तासांच्या आत अँटी-डी नावाचं इंजेक्शन द्यावं लागतं. या बाळासाठी त्याचा उपयोग नसतो. पुढच्या गरोदरपणात आईच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांनी बाळावर हल्ला करू नये म्हणून ते असतं. नाळेच्या रक्तावरून बाळाचा गट कळला, पॉझिटिव्ह. इंजेक्शन दवाखान्याच्या मेडिकलमध्ये संपलेलं. रात्री नऊला मी पावसात कराडची चार दुकानं फिरलो. चौथ्या दुकानदाराने फ्रीजमधून काढून बर्फासकट दिलं आणि विचारलं, ‘काय झालं?’ मी म्हटलं, ‘मुलगी.’ तो म्हणाला, ‘मग पळा.’

बायकोचा गट निगेटिव्ह असेल तर हे आठव्या महिन्यातच डॉक्टरांशी बोलून ठेवा. आणि तो कागद कपाटात ठेवू नका.

आधी कळलं होतं का मुलगी आहे ते?

नाही. 1994 च्या कायद्याने बंदी आहे, आणि विचारूही नका.

पेढे की बर्फी?

मुलगा झाला तर पेढे, मुलगी झाली तर बर्फी किंवा जिलबी, असा रिवाज. मी सातारच्या कंदी पेढ्यांचे बॉक्स आणले. एका मावशींनी बॉक्स उघडून विचारलं, ‘मुलगा झाला होय?’ म्हटलं, ‘नाही, पेढे झाले.’

खर्च किती येतो?

आकडा सांगत नाही, कारण गावागणिक आणि दवाखान्यागणिक वेगळा. फक्त ‘पॅकेज’ या शब्दावर जाऊ नका. भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, औषधं, खोलीचे जादा दिवस आत धरलेत का, आणि बाळाला काचेत ठेवावं लागलं तर रोजचे किती, हे लिहून घ्या. विमा असेल तर बाळंतपण त्यात आहे का आणि प्रतीक्षाकाळ संपलाय का, हे लग्नानंतर लगेच तपासायची गोष्ट आहे.

सरकारी दवाखान्याला नाक मुरडू नका. 1 जून 2011 पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात प्रसूती, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, आईचं जेवण आणि गाडी हे सगळं मोफत आहे.

बिलात नसलेली एक बाब म्हणजे ‘खुशी’. डिस्चार्जच्या दिवशी दारात चार जण उभे. एक मावशी म्हणाल्या, ‘मुलगा असता तर दोन हजारांच्या खाली सोडलं नसतं.’ माझं डोकं सणकलं. पण दुसऱ्या रात्री तीन वाजता, काळी चिकट शी बघून मी घाबरलो होतो तेव्हा ही पहिली शी अशीच असते म्हणून सांगणाऱ्या आणि लंगोट बांधायला शिकवणाऱ्या याच बाई होत्या. पैसे दिले. मुलग्याचा दर दिला. बरोबर केलं की चूक, अजून ठरत नाही.

घरच्यांना नाही कसं म्हणायचं?

मामींच्या पिशवीत मधाची बाटली आणि सोन्याची अंगठी तयार होती. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नसतो. त्यातल्या जंतूंच्या बीजांमुळे बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. पहिला पिवळसर चीक मात्र काढून टाकायचा नाही, तोच पाजायचा, होता होईल तो पहिल्या तासातच. हे तिने त्या अवस्थेत सांगावं अशी अपेक्षा ठेवू नका. तिथे बापाने मध्ये पडायचं. मी डॉक्टरांना फाईलवर लिहून द्यायला सांगितलं : वरचं काहीही नको. मामी म्हणाल्या, ‘हिलाबी चाटवलंय की, काय झालं हिला?’ मी वाद घातला नाही. अंगठी बाळाच्या कपाळाला टेकवली, मध बाटलीतच राहिला. त्या अर्धा दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. संध्याकाळी चहा आणून दिला.

बापाला सुट्टी मिळते का?

केंद्र सरकारी नोकराला पंधरा दिवस, दोनपेक्षा कमी हयात मुलं असतील तर. प्रसूतीच्या आधी पंधरा दिवसांपासून नंतर सहा महिन्यांपर्यंत कधीही घेता येते. खासगी नोकरीत आईला कायद्याने 26 आठवडे आहेत, बापाला कायद्याने काही नाही. मी सहा दिवस रजा टाकली. तिसऱ्या दिवशी मॅनेजरचा मेसेज : ‘अभिनंदन! दहा मिनिटं कॉलवर येता येईल का?’

जन्मदाखल्याचं काय?

नोंद 21 दिवसांत व्हायला हवी. दवाखान्यात जन्म झाला तर माहिती दवाखानाच पाठवतो, पण फॉर्मवरची स्पेलिंगं तुम्हीच तपासा. नाव ठरलं नसेल तर बिननावाची नोंद होते आणि वर्षभरात नाव फुकट घालता येतं. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून लायसनपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागणार आहे, तेव्हा आळस नको.

आणि महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आहे. माझ्या वडिलांना हे पटायला वेळ लागला. मी त्यांना तो हातावरचा टॅग दाखवला. ‘बेबी ऑफ’च्या पुढे माझं नाव नव्हतंच.

मग तुम्ही घरी कधी आलात?

घरी म्हणजे पुण्याला, सहाव्या दिवशी, एकटाच. त्या दोघी कराडलाच, तीन महिने. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बारसं, सव्वा महिना, सगळं तिकडे. याच्यावर कुणी प्रश्न विचारत नाही, पण सांगून ठेवतो. आठवड्याभरापूर्वी चाळीस मिनिटं छातीवर असलेलं बाळ आता फोनच्या पडद्यावर दिसतं, आणि बहुतेक वेळा झोपलेलं दिसतं. दर शुक्रवारी रात्री स्वारगेटहून गाडी पकडायची, रविवारी रात्री परत. तिसऱ्या शुक्रवारी पोचलो तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. मामी म्हणाल्या, ‘झोपलीय, सकाळी बघा.’ सासरे कॉटवरून उठले, पाळण्याकडे गेले, आणि तिला उचलून माझ्या हातात दिली. जागी झाली, रडली, सगळं घर उठलं. मामी त्यांच्यावर आठ दिवस रागावल्या होत्या.